सातबाऱ्यावर पुतणीचा पालक म्हणून माझं नाव लागलंय, आणि तिची आई तर हयात आहे

रानवारा (धागाकर्ता) | ३ जून, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. इथलं बरेच दिवस वाचतोय, लिहायची वेळ आज आली. थोडं लांब होईल, पण निम्मं झाकून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने अचानक गेला. मागे वहिनी, अकरा वर्षांची एकुलती लेक आणि आमची आई. भावाने २०१३ साली कारखान्याच्या पगारातून साठवून रस्त्याकडेची ३५ गुंठे जमीन स्वतःच्या नावावर घेतली होती. मृत्युपत्र वगैरे काही नाही.

वारस नोंदीचे कागद तलाठ्याकडे मीच नेऊन दिले. वहिनी तेव्हा माहेरी होत्या, बोलायच्या अवस्थेतसुद्धा नव्हत्या. गावातल्या जाणत्यांनी सांगितला तसा अर्ज लिहिला. नोंद मंजूर झाली, मी पुन्हा पाहिलं नाही. गेल्या महिन्यात सातबारा काढला तर तीन नावं: वहिनी, आई, पुतणी. पुतणीच्या नावापुढे ‘अ.पा.क. चुलता’ (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचा पालक) आणि त्यापुढे माझं नाव.

आता त्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. आमचे चुलते, तात्या, म्हणतात, “तू अपाक हाईस, पोरीच्या वतीनं तुझी सही चालती. पैशाची तिच्या नावानं ठेव पावती करू, लग्नाला होतील. बाईमाणसाला कशाला कचेरीत वढायचं?” तात्या वाईट माणूस नाही, हे मुद्दाम सांगतो. भाऊ गेल्यावर तेराव्यापर्यंतचा सगळा खर्च त्यांनी उचलला.

मी वहिनींना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी.”

त्या ‘म्हणाल तसं’ने माझी झोप उडालीय. पोरीची आई हयात आहे, धडधाकट आहे, बारावी शिकलेली आहे. मग पोरीचा पालक मी कसा झालो? आणि झालोच असेन तर नक्की कशाचा? कायदा जाणणाऱ्यांनी कृपया सांगावं.

काळाकोट | ३ जून, रात्री ११.४०

रानवारा, सही करू नका. बाकीचं खाली लिहितो, पण आधी हे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे मुलाचे आणि अविवाहित मुलीचे नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि त्यांच्यामागे आई. चुलता, आजा, मामा यांपैकी कुणीही त्या यादीत नाही. भाऊ गेले त्या क्षणी तुमच्या वहिनी पालक झाल्या. त्यासाठी त्यांना अर्ज करावा लागला नाही आणि तलाठ्याच्या नोंदीने ते त्यांच्याकडून काढूनही घेता येत नाही. फेरफाराची नोंद महसुली कामापुरती असते. तिच्यामुळे कुणी पालक होत नाही आणि कुणी मालकही होत नाही.

तुमच्यासारख्यांसाठी त्याच कायद्यात कलम ११ आहे. कायद्याने पालक नसलेला, पण प्रत्यक्षात मुलाचं सगळं बघणारा माणूस, केवळ तेवढ्या नात्यावर अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार करू शकत नाही. तुमच्या सहीचं खरेदीखत पुतणीच्या हिश्श्यापुरतं मुळातच टिकणार नाही.

मग आई करू शकते का? तीही एकटी नाही. कलम ८ नुसार विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल किंवा पाच वर्षांहून मोठा भाडेपट्टा करायचा तर नैसर्गिक पालकालाही कोर्टाची परवानगी आधी घ्यावी लागते. मुलाची खरी गरज किंवा उघड फायदा दिसला तरच परवानगी मिळते, आणि मिळाली तरी कोर्ट बहुधा पैसे मूल सज्ञान होईपर्यंत बँकेत अडकवून ठेवायला लावतं. परवानगीशिवाय आईने विकलं तर मुलगी अठराची झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा करून तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. तुमची पुतणी अकराची. म्हणजे घेणाऱ्याच्या डोक्यावर दहा वर्षं टांगती तलवार. गिऱ्हाइकाच्या वकिलाला हे कळलं तर तोच मागे सरेल.

भाऊ मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे बायको, मुलगी आणि आई अशा तिघी वर्ग एकच्या वारस, प्रत्येकीला एक तृतीयांश. वहिनी आणि तुमच्या आई आपापल्या हिश्श्याचं काय ते ठरवू शकतात. मुलीच्या तृतीयांशाला मात्र हात लावता येत नाही.

एक खुलासा. जमीन एकत्र कुटुंबाची असती तर हिशेब बदलला असता. अज्ञान मुलाच्या अविभक्त हिश्श्याला कलम ६ लागू नाही, तो कुटुंबाचा कर्ता पाहतो. भावाने स्वकमाईने घेतली म्हणून तुमचं प्रकरण सरळ आहे. गावाकडे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे कर्ता) आणि ‘अ.पा.क.’ या दोन शेऱ्यांची गल्लत होते, आणि नेमकी इथेच होते.

अण्णा_कृष्णाकाठ | ४ जून, सकाळी ६.५०

वकीलसाहेबांचा कायदा बरोबर असेल. मी सत्तरीचा आहे, माझंही ऐकून घ्या.

मी आठ वर्षांचा असताना वडील गेले. आमच्या चुलत्याने मला आणि बहिणीला वाढवलं. स्वतःची मुलं अनवाणी आणि मला चपला, असे दिवस मी पाहिलेत. आमची जमीन त्याने बरीच वर्षं कसली आणि मी मिसरूड फुटलेला झालो तेव्हा बांधासकट माझ्या हातात दिली. आई आमची कधी चावडीवर गेली नाही आणि तिला त्याची गरजही पडली नाही. चुलता म्हणजे बापाच्या जागी, ही आपली रीत आहे. ती उगाच पडलेली नाही.

दुसरं सांगतो, कुणी राग धरू नका. तरुण बाई आहे. उद्या तिने दुसरं लग्न केलं तर पोरीची जमीन कुणाच्या घरात जाणार? चुलत्याचं नाव असलं की तेवढी राखण राहते. रानवारा, तुम्ही मनाने चांगले दिसता, मग तुमचं नाव असलेलं बरंच की.

सायलीची_आई | ४ जून, दुपारी १.२०

अण्णा, तुमच्या चुलत्यांना मनापासून नमस्कार. पण तुमच्या आईला चावडीची गरज पडली नाही, हे तुम्ही सांगताय. त्या सांगत्या तर काय सांगत्या, हे आता कळायला मार्ग नाही.

मी नऊ वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहते. लेक पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ. ती सहा वर्षांची असताना तिच्या नावाने खातं उघडायला एका बँकेत गेले. अर्जावर छापलं होतं, ‘पालकाचे नाव (वडील)’. मी ‘वडील’ शब्दावर काट मारून ‘आई’ लिहिलं आणि शेजारी बारीक सही केली. खिडकीतल्या माणसाने ती काट बोटाने दाखवून अर्ज परत सरकवला. “यांना घेऊन या.” यांना म्हणजे ज्यांनी दोन वर्षांत एक फोन केला नव्हता त्यांना. लेक शेजारी उभी होती, काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून. ती म्हणाली, “आई, तू चालत नाहीस का?”

घरी आले आणि वाचायला लागले. तेव्हा कळलं की याच कारणासाठी गीता हरिहरन या लेखिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. १९८४ मध्ये त्यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर उत्तर आलं की वडिलांची सही आणा. १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल लागला. कलम ६ मधल्या ‘वडील आणि त्यांच्यामागे आई’ या शब्दांतल्या ‘मागे’चा अर्थ वडिलांच्या मरणानंतर एवढाच धरायचा नाही. वडील हजर नसतील, लक्ष घालत नसतील, तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते. तो निकाल छापून घेऊन मी पुन्हा गेले. खातं उघडलं.

रानवारा दादा, तुमच्या वहिनींना एवढं भांडावंही लागायला नको. त्यांच्या बाबतीत कायद्याचा शब्द जसाच्या तसा लागू आहे. तरी नाव तुमचं लागलं. मला वाईट याचं वाटतं की हे करताना कुणाच्याच मनात काळंबेरं नव्हतं.

काळाकोट | ४ जून, रात्री ९.०५

अण्णांच्या पुनर्विवाहाच्या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण गावोगाव विधवांच्या सह्या याच भीतीपोटी टाळल्या जातात.

नवऱ्याच्या मिळकतीत मिळालेला हिस्सा दुसरं लग्न केल्याने जात नाही. पालकत्वही त्या कारणाने आपोआप जात नाही. आणि मुलीचा हिस्सा मुलीचाच राहतो, आई कुठेही नांदो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकेला ललिता प्रकरणात हेच पाहिलं. नवरा वारलेल्या बाईने दुसरं लग्न केलं, तर पहिल्या सासरचे लोक मुलाचं पालकत्व मागायला कोर्टात गेले, आणि उच्च न्यायालयाने मुलाचं आडनाव बदलायला सांगितलं. न्यायालयाने सांगितलं की वडील नसताना आई हीच एकमेव नैसर्गिक पालक, आडनाव ठरवायचा अधिकार तिचा.

आपल्याकडचंही एक जुनं उदाहरण आहे, जिजाबाई गजरे खटला, १९७० चा. वाद विदर्भातल्या कुळकायद्याचा होता. अज्ञान मुलीची जमीन वर्षानुवर्षं आईच पाहत होती, कारण वडील हयात असले तरी वेगळे राहत होते आणि लक्ष घालत नव्हते. आईने दिलेला पट्टा न्यायालयाने नैसर्गिक पालकाने दिलेला म्हणूनच धरला.

सायलीच्या आईंनी सांगितलं त्यात एक भर घालतो, कारण लोक इथे फसतात. १९९९ च्या निकालाने कलम रद्द केलं नाही, अर्थ लावला. कायद्याच्या मजकुरात आजही वडील पहिले आहेत. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात आई-वडील दोघांना एकाच वेळी, बरोबरीने नैसर्गिक पालक करा म्हणून सुचवलं होतं. कलम ६ मध्ये तो बदल झालेला नाही. म्हणून वडील हयात असलेल्या घरात आईला अजूनही आधी शाबीत करावं लागतं की ते लक्ष घालत नाहीत. मला हे चुकीचं वाटतं, आणि तीस वर्षं वकिली करून वाटतं.

हे सगळं हिंदू कायद्यापुरतं, हेही नोंदवून ठेवतो. इतर धर्मीयांसाठी त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि १८९० चा पालक व पाल्य अधिनियम.

मांडवीकाठ | ५ जून, दुपारी ३.३०

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे धर्म कुठलाही असो, कौटुंबिक कायदा सगळ्यांना जवळपास एकच, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या मुळावर उभा. त्यातली एक गोष्ट महाराष्ट्रातल्या मित्रांना सांगितली की ते दचकतात. आई-बापाला स्वतः कमावलेली सगळी मालमत्ताही मुलांना डावलून दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही. निम्मा भाग मुलांसाठी राखीव. मृत्युपत्र करा, नका करू, तो निम्मा त्यांचाच.

तुमच्याकडे बाप स्वकमाईचं सगळं मृत्युपत्राने हव्या त्याच्या नावे करू शकतो ना? म्हणजे मूल वाढवायची जबाबदारी कायद्यात आहे, मागे काही ठेवायची नाही. आमच्याकडे ‘पालक’ म्हटलं की दोन्ही डोळ्यांसमोर येतं. धागा भरकटवायचा नाही, पण रानवारांच्या भावाने मृत्युपत्र केलं नव्हतं म्हणून लेकीचा तृतीयांश आज जागेवर आहे, हे मनात आलं.

खडू_फळा | ५ जून, रात्री ८.४५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी वडील गेलेली दोन-तीन मुलं असतात. जमिनीचं वकीलसाहेब बघतीलच, मी मुलीबद्दल लिहिते.

रानवारा भाऊ, महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना तुमच्या पुतणीला लागू होईल असं वाटतं. एक पालक गमावलेल्या मुलांना त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. अर्ज आईच्या नावाने करा आणि वहिनींना सोबत न्या. मी असे काका पाहिलेत जे अगदी मायेपोटी सगळी कागदपत्रं स्वतःच फिरवतात. पाच वर्षांनी त्या बाईला स्वतःच्या मुलीचा जन्मदाखला कुठल्या कपाटात आहे हेही माहीत नसतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. माझ्या अनुभवात ते कर्तव्य वर्षभर आया पार पाडतात. पालकसभेला येतात, वह्या उघडून बघतात, ‘बाई, हिचं गणित कच्चं का?’ विचारतात. आणि प्रगतिपुस्तकावर सहीची वेळ आली की म्हणतात, ‘ह्यांची आणते.’ मी आता सांगते की तुम्हीच करा. एक आई पेन हातात घेऊन किती वेळ नुसती उभी होती. मग तिने पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, रेघेच्या बाहेर जाईपर्यंत.

१ मे २०२४ पासून आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं, असा आपल्या राज्याचा निर्णय झालाय. ती मुलं माझ्या वर्गात यायला अजून काही वर्षं आहेत. मी हजेरी घेताना कशी म्हणेन याचा विचार करून ठेवलाय.

आणि एक. मुलीला विचारलंत का? अकरा वर्षांचं मूल अजाण नसतं. पालक नेमायची वेळ आली तर १८९० च्या कायद्यातही लिहिलंय की मूल समजण्याइतकं मोठं असेल तर कोर्टाने त्याची पसंती विचारात घ्यावी.

अण्णा_कृष्णाकाठ | ६ जून, सकाळी ७.१०

काल रात्री बहिणीला फोन केला. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तिला जास्त आठवतं. आईला कधी चावडीवर जायचं होतं का, असं विचारलं. ती म्हणाली, अरे, वडिलांच्या नावचा खत-बियाण्याचा हिशेब आई त्यांच्यामागेही कोळशाने भिंतीवर लिहायची. चुलत्याने भिंत सारवली तशी बंद झाली. मला हे माहीत नव्हतं.

चुलत्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो देवमाणूस होता. पण रानवारा, नाव वहिनींचं लावा. राखण करायला सातबाऱ्यावर नाव कशाला लागतं, बांधावर उभं राहिलं तरी होते.

रानवारा (धागाकर्ता) | २७ जून, रात्री ९.३०

उशीर झाला, पण करून मगच लिहावं असं ठरवलं होतं.

आधी तात्यांकडे गेलो. कलम ११ आणि कलम ८ त्यांना बसून वाचून दाखवलं. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे मी तुला चुकीच्या कागदावर सही करायला लावत होतो व्हय?” मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. गिऱ्हाइकाला त्यांनीच स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मग वहिनींशी बोललो, या वेळी आई आणि पुतणी दोघी समोर असताना. म्हटलं, वहिनी, मी म्हणेन तसं नको, तुम्ही म्हणाल तसं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून भावाच्या ट्रंकेतून एक डायरी काढून आणली. जमीन घेताना कुणाकडून किती उसने घेतले आणि कधी फेडले, हे सगळं त्यात लिहिलेलं. निम्म्याहून जास्त अक्षर वहिनींचं. इतकी वर्षं मी समजत होतो की जमीन दादाने एकट्याने उभी केली. त्या म्हणाल्या, “विकायची नाही. भाऊजी, तुम्ही वाट्याने करा. वर्षाचा हिशेब मला लिहून द्या, मी तिच्या नावाने बाजूला ठेवत जाईन.” आई म्हणाली, माझाही वाटा त्यातच धरा.

सोमवारी वहिनी आणि मी तलाठी कार्यालयात गेलो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय. अ.पा.क. म्हणून माझं नाव कमी करून वहिनींचं नाव लावावं, असा अर्ज दिला. सोबत भावाचा मृत्यूचा दाखला, पुतणीचा जन्मदाखला, वहिनींचं आधार आणि माझी कबुली. त्यांनी अडवलं काही नाही. फेरफार धरला आणि सांगितलं, पंधरा दिवस हरकतीची नोटीस लागेल, मग मंडळ अधिकारी मंजूर करतील. अर्ज वहिनींनी स्वतः लिहिला होता, मी फक्त गट नंबर सांगितला. बालसंगोपनाचा अर्जही त्यांनी भरलाय, पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जायचंय.

खडू_फळा ताई, तुम्ही म्हणालात म्हणून पुतणीला सातबारा दाखवला. तिने आपलं नाव शोधलं. मग ‘अ.पा.क.’ वर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं, अज्ञान पालनकर्ता. तिचा चेहरा पडला. “काका, मी अज्ञान कशी? मला तिसापर्यंत पाढे येतात.” कायद्यात अठराच्या आतल्या सगळ्यांना अज्ञान म्हणतात, त्याचा हुशारीशी संबंध नाही, असं समजावलं. तिला ते फारसं पटलेलं नाही. वहिनींनी तिला जवळ ओढून म्हटलं, हे बघ, इथे आता माझं नाव येणार.

“मग आधी का नव्हतं?” तिने विचारलं. ती माझ्याकडे बघून विचारत होती. मी तिला खरं ते सांगितलं, की मीच विचारायला विसरलो होतो.

नोटीस चावडीच्या फलकावर लागलीय. आज सहावा दिवस. हरकत कुणाचीही नाही.